पहिल्या प्रेमाची आणि विरहाची कविता कशी लिहावी

कवितेत बोलणाऱ्या मुलाला किंवा मुलीला त्या क्षणी जेवढे ठाऊक होते, तेवढेच कवितेला ठाऊक असावे. सोळाव्या वर्षी प्रेम तुटते तेव्हा हे दुःख पुढे ओसरेल याची कल्पनाच नसते, म्हणून ते दुःख संपूर्ण असते. वयाने वाढलेल्या कवीने त्यावर मागाहून आलेले शहाणपण पांघरले, की कविता तिथेच खोटी होते. त्या वयाच्या भावनेला अल्लड म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते.

लिहायला बसण्यापूर्वी आठवणीतील जागा, वेळा, वस्तू आणि बोललेली वाक्ये कच्ची टिपून घ्यावीत. चंद्र आणि गुलाब कोणाचेही असू शकतात; परंतु गोव्यात रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याला टेकलेली मुलगी, तिच्यासोबत राहता यावे म्हणून कदंबच्या बसमधून आपल्या थांब्याच्या पुढे केलेला प्रवास, म्हार्दोळच्या जाईच्या फुलांची माळ दप्तरात राहिल्यामुळे वहीला लागलेला वास, हे तुमचे स्वतःचे असते. तिने जाताना कोकणीतून ‘मागीर मेळूंया’ (नंतर भेटूया) म्हटले असेल, तर मराठी कवितेतही ते तसेच राहू द्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नसेल, तर तोच प्रसंग लिहावा. काव्यात्म वाटावे म्हणून त्याच्या जागी पिवळे पडलेले पत्र आणू नये.

नवख्याने थेट मुक्तछंदाकडे वळण्यापूर्वी मोठा अभंग हाताळून पाहावा, असे माझे मत आहे. त्याच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी 6 आणि चौथ्यात 4 अक्षरे असतात, जोडाक्षर एकच धरतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळवतात. ‘तुझ्याविना जीवन व्यर्थ आहे’ अशा ओळीतून काहीच दिसत नाही. तीच व्यथा अभंगात बसवताना शब्द निवडावेच लागतात:

फेरीबोट गेली
तुझ्या काठाकडे
माझे शब्द थोडे
इथे उभे

शेवटचा चरण आखूड असल्यामुळे बोलणे मध्येच तुटल्यासारखे वाटते, आणि विरहाला हे तुटणे शोभते. गझलही या विषयाला जवळची आहे, पण रदीफ (शेराच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द) आणि काफिया (त्याआधीचे यमक) सांभाळण्याचा सराव झाल्यावरच तिच्याकडे जावे.

विरहाचा भाग लिहिताना दोषारोप टाळावा, कारण आरोप सुरू झाला की समोरची व्यक्ती कवितेतून नाहीशी होते आणि केवळ आपला राग उरतो. त्याऐवजी तुटल्यानंतरही जे चालूच राहते ते लिहावे. गोव्यासारख्या लहान प्रदेशात विरहाला अंतर मिळत नाही: ज्या व्यक्तीशी बोलणे थांबले ती दुसऱ्या दिवशी त्याच उच्च माध्यमिक विद्यालयाच्या वर्गात दोन बाके पुढे बसलेली असते, गावच्या जत्रेत आपल्या घरच्यांबरोबर समोरून येते, शिगम्यात ढोलांच्या आवाजात पलीकडच्या गर्दीत दिसते, आणि आपल्याला चारचौघांत चेहरा सांभाळावा लागतो. हे चेहरा सांभाळणे ‘हृदयाचे तुकडे झाले’ या म्हणण्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

पहिला खर्डा काही दिवस बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा. जीभ जिथे अडखळते तिथे लय बिघडलेली असते. शेवटच्या दोन ओळी आधीच दिसलेली भावना पुन्हा समजावून सांगत असतील, तर त्या निःसंकोच काढून टाकाव्यात. कविता कोणाला दाखवण्यापूर्वी खरे नाव, वाडा, वर्ग अशा ओळख पटवणाऱ्या खुणा बदलाव्यात, कारण लहान गावात एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो आणि त्या दुसऱ्या व्यक्तीने कवितेत येण्यास संमती दिलेली नसते.