एआयने लिहिलेला कोड प्रकल्पात घेण्यापूर्वी

गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारे एआय साधन जून २०२१ मध्ये चाचणी स्वरूपात उपलब्ध झाले, तेव्हा ते मुख्यतः अर्धवट ओळ किंवा फंक्शन पूर्ण करून देत असे. आजची क्लॉड कोड किंवा कर्सर यांसारखी साधने रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइलींचा साठा) धुंडाळतात, एकाच वेळी अनेक फाइली बदलतात, टेस्ट (कोड अपेक्षेप्रमाणे चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवतात आणि त्या फसल्या की पुन्हा प्रयत्नही करतात. कोड लिहिण्याचे श्रम त्यामुळे कमी झाले. तो बरोबर आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी मात्र तो मर्ज करणाऱ्या, म्हणजे मुख्य प्रकल्पात मिसळणाऱ्या, माणसाकडेच राहिली, आणि तीच आता कामाचा मोठा भाग व्यापते.

या कामाची सुरुवात कोड मागण्यापूर्वीच होते. ‘दोन तारखांमधील कामाचे दिवस मोजणारे फंक्शन लिही’ एवढेच सांगितले, तर काही क्षणांत नीटनेटके फंक्शन मिळते. परंतु पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा का, सुट्ट्यांची यादी कोठून घ्यायची, सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची असेल तर शून्य द्यायचे की एरर, या प्रश्नांची उत्तरे साधन अंदाजाने ठरवते आणि पुष्कळदा तसे सांगतही नाही. म्हणून ही उत्तरे आधी स्वतः लिहून काढावीत आणि प्रत्येकासाठी एक टेस्ट केस ठरवावी. संपूर्ण प्रक्रियेत ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कोड आणि टेस्ट दोन्ही एकाच गैरसमजातून लिहिले गेले, तर सगळ्या टेस्ट पास होतात आणि चूक जागेवरच राहते.

काम सोपवण्यापूर्वी चालू स्थिती कमिट करून (म्हणजे तिच्यावर परत येता येईल अशी नोंद करून) ठेवावी आणि एका वेळी एकच लहान बदल मागावा.

बदल हाती आल्यावर डिफ (कोणत्या ओळी बदलल्या हे दाखवणारी यादी) वाचताना आधी टेस्टच्या फाइली पाहाव्यात. टेस्ट पास व्हावी म्हणून साधनाने अपेक्षित उत्तरच बदलले असेल किंवा टेस्ट वगळली असेल, तर पुढचे वाचण्यात अर्थ नाही. त्यानंतर नवीन डिपेन्डन्सी, म्हणजे कोड ज्यांवर अवलंबून असतो ती इतरांनी लिहिलेली पॅकेजेस, तपासाव्यात. भाषा-मॉडेले कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव सुचवतात, आणि अशा नावाने घातक पॅकेज प्रसिद्ध करून ठेवणे हल्लेखोरांना अवघड नसते. त्यामुळे पॅकेज सापडले एवढ्यावर विश्वास ठेवू नये, ते कोण सांभाळते आणि त्याचा इतिहास काय आहे हेही पाहावे. वापरकर्त्याकडून आलेला मजकूर एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) थेट जोडलेला आहे का, एरर पकडून गुपचूप गिळलेला आहे का आणि परवानगीची तपासणी सर्व्हरवर होते का, हे ओळीओळीने वाचावे. जो भाग आपल्याला सहकाऱ्याला समजावून सांगता येत नाही, तो मर्ज करू नये.

वेळ वाचला असे वाटणे आणि तो खरोखर वाचणे यांत अंतर असू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहिण्याचे काम कोपायलट वापरणाऱ्यांनी ५५.८ टक्के कमी वेळात पूर्ण केले. याउलट, मेटर या संस्थेच्या २०२५ च्या अभ्यासात १६ अनुभवी डेव्हलपरांना, आपल्या परिचयाच्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांतील २४६ कामांमध्ये, एआय वापरताना सरासरी १९ टक्के अधिक वेळ लागला. तरीही आपला वेळ २० टक्क्यांनी वाचला असे त्यांना वाटत होते. कामे निराळी आणि साधनेही निराळी होती, त्यामुळे या दोन आकड्यांतून सर्वांना लागू होणारा एकच निष्कर्ष काढता येत नाही. आपल्या टीमने काही आठवडे कामाच्या सुरुवातीपासून मर्जपर्यंतचा वेळ, रिव्ह्यू आणि नंतरच्या दुरुस्त्या धरून, नोंदवावा आणि कोणत्या प्रकारची कामे साधनाकडे द्यायची हे त्यावरून ठरवावे.

साधन एकाच चुकीभोवती फिरू लागले, तर दुरुस्तीवर दुरुस्ती मागत राहू नये. आधीच्या कमिटवर परत जावे, अपयशी ठरणारी सर्वांत लहान टेस्ट स्वतः लिहावी आणि नव्या सत्रात फक्त तेवढाच प्रश्न मांडावा.