व्हायोलिन, व्हायोला स्टेजवर लावताना या चुका टाळा

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, मग मंडई, शंकरपट, आणि भजन-कीर्तन तर वर्षभर असतंच. ऑर्गन, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड कसं लावायचं हे गावच्या साऊंडवाल्या भाऊंना झोपेतही येतं, पण कोणी व्हायोलिन घेऊन बसलं की गडबड होते. एकतर ऐकूच येत नाही, नाहीतर "भाऊ, आवाज पत्र्यावानी काहून येऊन राह्यला?" हा प्रश्न येतो. मग सगळे मिक्सरच्या बटणांवर तुटून पडतात. माझं स्पष्ट मत आहे की दहापैकी बहुतेक वेळा बटणांचा काही संबंधच नसतो, गडबड त्याच्या आधीच, वाद्यापासून मिक्सरपर्यंतच्या वायरीत झालेली असते. इक्वलायझरला, म्हणजे आवाजाचा जाड-बारीक भाग कमी-जास्त करणाऱ्या त्या बटणांना, हात सगळ्यात शेवटी लावा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घोडीला (तारा टेकतात त्या लाकडी तुकड्याला) लावलेला पिझो पिकअप, म्हणजे कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा तुकडा, सरळ मिक्सरला जोडणं. बाजारात मिळणारे बहुतेक पिकअप पिझोच असतात, घोडीच्या खाचेत बसणारे किंवा चिकटवायचे, आणि त्यांना पुढे खूप जास्त इम्पीडन्सचा (सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) इनपुट लागतो, निदान १ मेगाओहम. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० किलोओहमचा असतो, माइक इनपुट तर दोन-तीन किलोओहमवरच थांबतो. आता हिशोब बघा, पिकअपची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) १ नॅनोफॅरड धरली तर १० किलोओहमला जोडल्यावर १६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे वाद्याचा अख्खा आवाजच उतारावर, आणि जितकं खाली जाल तितका जास्त कमी, त्यामुळे वरची किरकिर तेवढी शिल्लक राहते. तोच पिकअप १ मेगाओहमला जोडला तर हा उतार १६० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो आणि १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर, म्हणजे मग काहीच कापलं जात नाही. जो भराव मिक्सरपर्यंत पोचलाच नाही तो बेसचं बटण फिरवून कुठून येणार?

उपाय महाग नाही. पिझोसाठीचा छोटा प्रीॲम्प (मिक्सरच्या आधी सिग्नल सांभाळून घेणारा डबा) घ्या, तो वादकाच्या कमरेला किंवा जवळ ठेवा, पिकअपपासून तिथपर्यंतची वायर जेमतेम दोन-तीन मीटर, आणि तिथून पुढे एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने मिक्सर. प्रीॲम्प नसेल तर ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणारा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारा डबा) चालतो, फक्त बिनविजेचा पॅसिव्ह घेऊ नका, त्याचा इनपुट साधारण शंभर-सव्वाशे किलोओहमचाच असतो, पिझोला कमी पडतो. मिक्सरवर गिटारसाठी हाय-झेड (जास्त इम्पीडन्सचं) बटण असेल तर वेळ मारून नेता येते.

आता बटणं. छोट्या मिक्सरवर लो, मिड, हाय अशी तीनच बटणं असतात, त्यात लो बहुतेक ८० हर्ट्झला आणि मिड २.५ किलोहर्ट्झला ठरवून दिलेलं असतं. व्हायोलिनची सगळ्यात खालची तार पाश्चात्य पद्धतीने लावली तर १९६ हर्ट्झची, व्हायोलाची १३१ हर्ट्झची. म्हणजे ८० हर्ट्झवर व्हायोलिनचं काहीच नाही! तिथे वाढवलं की पाट्यावरचे पाय, वारा, जनरेटरची घरघर वाढते, वाद्य जसंच्या तसं. म्हणून लो जागेवर ठेवा आणि लो-कट (ठरावीक आकड्याखालचा आवाज कापणारं बटण) चालू करा. कट बदलता येत असेल तर व्हायोलिनला १५० ते १८० आणि व्हायोलाला १०० च्या आसपास. पण थांबा, आपल्याकडे तारा गायकाच्या पट्टीवर लावतात, खालची तार काळी एकच्या खर्जातल्या सा ला उतरवली तर ती १३९ हर्ट्झवर येते, मग १८० चा कट त्या सा लाच खाऊन टाकतो. वादकाला आधी पट्टी विचारा, कट नंतर ठरवा.

कानाला टोचतो तो भाग २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. पिझोत तो जास्तच, त्यामुळे मिडचं बटण ३ ते ६ डेसिबल खाली घ्या, बहुतेकांना एवढ्यानेच हायसं वाटेल. गजाची खरखर ५ किलोहर्ट्झच्या वर, ती हायने थोडी कमी करा, पूर्ण मारू नका, गज लागलेला कळायला पाहिजे. व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन समजून तीच सेटिंग लावतात, ती पण चूक. त्याचा जीव मधल्या भागात असतो, आणि नाकात बोलल्यासारखा वाटला तर १ ते दीड किलोहर्ट्झमध्ये थोडं उतरवून बघा.

आणि हे सगळं कुठे ऐकून ठरवता? स्टेजसमोरच्या बॉक्सवर सुरेल वाटलेलं व्हायोलिन मागे खांबावरच्या भोंग्यातून कर्कश लागतं, कारण भोंगा खालचं जवळपास काढतच नाही आणि मधलंच जोरात फेकतो. गावातले अर्धे लोक भोंग्याखाली बसून ऐकतात. टेस्टिंगच्या वेळी एक माणूस तिकडे उभा करा, किंवा स्वतःच चालत जा.

माइक आणि बॉक्स शिट्टी (फीडबॅक) मारतात तेव्हा काय करायचं यावर जरा सविस्तर सांगतो, कारण पिकअप नसला की माइकवरच काम चालतं आणि तिथे सगळे अडकतात. पहिली गोष्ट अंतर. माइक ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की वाद्याचा आवाज सुमारे ६ डेसिबल वाढून मिळतो, तेही फेडर (मिक्सरवरची व्हॉल्यूमची सरकपट्टी) न हलवता, म्हणजे शिट्टीची भीती तेवढी कमी. आपले वादक मांडी घालून बसतात, तेव्हा उंच स्टँड वाकवून काही होत नाही, बुटका स्टँड घ्या, माइक घोडी आणि एफ-होलच्या (वाद्यावरच्या f आकाराच्या भोकांच्या) वर, गज पूर्ण ओढला तरी लागणार नाही इतका बाजूला. दुसरी गोष्ट मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा बॉक्स. साधा कार्डिऑइड माइक आपल्या पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे. सुपरकार्डिऑइड (समोरचं त्याहून अरुंद भागातून ऐकणारा) असेल तर मात्र बरोबर मागे नाही, थोडा तिरपा, कारण त्याला मागून पण थोडं ऐकू येतं. तिसरी गोष्ट, भजनी मंडळात सात-आठ माइक उघडे असतात आणि उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो, एकाच्या जागी आठ उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. टाळकऱ्यांना वेगळा माइक नाही दिला तरी टाळ ऐकू येतातच हो, तो बंद करा आणि व्हायोलिनला जागा द्या.

एवढं करूनही शिट्टी आली तर प्रोग्रॅमच्या आधी व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, ग्राफिक इक्वलायझरवर (आवाजाच्या प्रत्येक भागाला वेगळी सरकपट्टी असते त्यावर) जी सरकपट्टी पहिल्यांदा शिट्टी मारेल तेवढीच ३-४ डेसिबल खाली, मग पुढची. दोन-तीन पट्ट्यांवर थांबा. दहा पट्ट्या खाली ओढल्या तर शिट्टी जाते आणि वाद्य पण जातं.

क्लिप लावायचा कंडेन्सर माइक असेल तर बहुतेकांना ४८ व्होल्टचा फँटम (मिक्सरने केबलमधूनच माइकला दिलेली वीज) लागतो, तो चालू-बंद करताना फेडर खाली.

घूं असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा आहे. एक एक करून शोधा, वाद्याकडची पिन काढली तरी चालूच असेल तर वाद्य सुटलं, मग केबल बदला, मग लाइटच्या वायरीपासून केबल दूर करा, मग डीआयचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलमधलं ग्राउंड तोडणारं बटण) दाबून बघा. पण घूं घालवायला म्हणून ॲम्प्लिफायरच्या प्लगचा अर्थिंगचा पाय तोडायचा नाही, कधीच नाही. हिवाळ्याच्या रात्री दव पडलेल्या स्टेजवर, जनरेटरच्या लाइनवर, तोंडासमोर लोखंडी माइक घेऊन माणूस गात असतो, त्याच्या जिवाशी खेळ आहे तो.

इको मात्र सोडा ना राव. गायकाला आवडतो म्हणून तेच इको व्हायोलिनवर टाकलं तर मींड सगळी एकमेकांत मिसळते. उघड्या मैदानात आवाज कोरडा वाटतो हे खरं, त्यासाठी दीड सेकंदाचा हलका रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा आवाज) पुरतो.

सारंगीसारख्या कातडं मढवलेल्या वाद्याला चिकटवायचा पिकअप कातड्यावर लावू नका, कातडं दबतं आणि सूर बसतो, तिथे माइकच ठेवा. आणि प्रीॲम्पची ९ व्होल्टची बॅटरी प्रोग्रॅमच्या दिवशी नवी टाका, उतरलेली बॅटरी एकदम बंद पडत नाही, आधी जोरात वाजवलेले सूर फाटायला लागतात आणि सगळे बॉक्सला दोष देत बसतात. रात्रभराचं नाटक असेल तर दुसऱ्या अंकानंतर एकदा बदलून घ्या, जुनी खिशात वेगळी ठेवा, परत तीच लागायला नको.