एअर रायफलवरून पॉइंट टू-टूकडे वळताना: गोळीच्या वेगाचं गणित

दहा मीटर एअर रायफलवर हात बसला की मुलं पॉइंट टू-टूकडे, म्हणजे 0.22 इंची गोळीच्या दारूवर चालणाऱ्या रायफलीकडे वळतात, आणि रेंजवर पहिला प्रश्न येतो तो हा: लांब बॅरल घेतलं की गोळी जोरात जाते ना? मोठ्या रायफलीत जाते. पॉइंट टू-टूमध्ये नाही.

जळत्या दारूचा गॅस प्रसरण पावेल तोवर गोळीला ढकलतो. म्हणून काडतुसातली जागा आणि बॅरलची पोकळी यांचं प्रमाण आधी पाहा. 308 विंचेस्टर या मोठ्या रायफलीच्या काडतुसात सुमारे 3.6 घन सेंमी जागा असते, तर 24 इंची बॅरलची पोकळी साधारण 28 घन सेंमी, म्हणजे जेमतेम आठपट. गोळी तोंडाशी येते तेव्हाही गॅसमध्ये जोर शिल्लक असतो. म्हणूनच बॅरल इंचभर कापलं तर वेग सेकंदाला 20-25 फुटांनी उतरतो. 300 विंचेस्टर मॅग्नम या आणखी मोठ्या काडतुसात जागा साठ टक्क्यांनी जास्त, पण 150 ग्रेनच्या (सुमारे पावणेदहा ग्रॅमच्या) गोळीचा वेग 2,820 फुटांवरून 3,290 च्या आसपास, म्हणजे सतरा टक्केच वाढतो. एवढ्या दारूला बॅरलही लांब लागतं. आखूड केलं तर नुकसान जास्त.

पॉइंट टू-टूमध्ये दारू असते ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याएवढी, आणि 26 इंची बॅरलची पोकळी 16 घन सेंमी! सोळा-एकोणीस इंचांत गॅसचा जोर संपतो, पुढे उरतं घर्षण. तरी मॅच रायफलीचं बॅरल लांब ठेवतात, कारण पुढची आणि मागची साइट दूर राहते आणि वजन पुढे येऊन रायफल स्थिर होते. मात्र ट्रिगरनंतर गोळी सुमारे अडीच मिलिसेकंद बॅरलमध्येच असते. फॉलो-थ्रूवर, म्हणजे ट्रिगर दाबल्यावरही नेम क्षणभर तसाच धरून ठेवण्यावर, मी एवढा जोर देतो तो त्यामुळेच.

मॅचची, म्हणजे स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीपेक्षा हळू, सेकंदाला 320-330 मीटरने सोडतात, कारण ध्वनीच्या वेगाजवळून उतरताना गोळी डळमळते. तेव्हा वेगापेक्षा त्याचा सारखेपणा महत्त्वाचा. दोन गोळ्यांत सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर त्या सात मिलिमीटर वर-खाली लागतात, आणि टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) कांस्य जिंकलं ते याच वर्तुळांवर.

म्हणून लांब बॅरलसाठी जादा पैसे मोजण्याआधी आपल्या रायफलीवर गोळ्यांचे तीन-चार लॉट (कारखान्यात एकत्र बनलेल्या गोळ्यांच्या खेपा) तपासून घ्या. बॅरल क्लॅम्पमध्ये धरा, प्रत्येक लॉटचा ग्रुप घ्या, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागतात ते पाहा, आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सर्वांत हळू व सर्वांत वेगवान गोळीच्या वेगातला फरक लिहून ठेवा. जो लॉट जुळेल, तोच सीझनभर पुरेल एवढा घ्या.