सुधारगृहातून परतणाऱ्या मुलाला पुन्हा उभे करताना

कायदा मोडल्यामुळे सुधारगृहात राहिलेल्या मुलाच्या परतीची तयारी सुटकेच्या दिवशी नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी. तो कोणाकडे राहील, शाळेत जाईल की एखादे काम शिकेल, ओळखपत्र आणि शाळेचा दाखला कोण मिळवून देईल, हे त्याच्याशी बोलूनच ठरवावे. कारण इतके दिवस त्याने दुसऱ्यांनी आखलेला दिनक्रम पाळलेला असतो आणि स्वतः निर्णय घेण्याची सवय मोडलेली असते. घरी आल्यावर पाणी प्यायला उठतानाही असा मुलगा ‘जाऊ का?’ म्हणून विचारतो, बंद दारापाशी कोणीतरी उघडेल म्हणून थांबून राहतो. त्याला हसू नये आणि त्याची कीवही करू नये. रोजच्या लहानसहान गोष्टी त्याच्यावर सोपवाव्यात.

समुपदेशक, शिक्षक, मुलावर देखरेख ठेवणारे परिवीक्षा अधिकारी हे सगळे लागतातच; पण ठरलेल्या दिवशी न चुकता भेटणारे आणि मुलाचे पाऊल घसरले तरी भेट न टाळणारे एक मोठे माणूस त्याच्या आयुष्यात असणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. धाक दाखवून मुले सुधारतात, ही समजूत सोडून द्यावी. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावण्याचे कार्यक्रम झाले. या कार्यक्रमांच्या अभ्यासांत ती मुले तिथे न नेलेल्या मुलांपेक्षा अधिक गुन्ह्यांकडे वळल्याचे आढळले.

मुलाची गोष्ट गावभर होऊ देऊ नये. बालन्यायाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांनुसार अशा मुलांच्या नोंदी काटेकोरपणे गोपनीय ठेवायच्या असतात. तरीही ‘मधली दोन वर्षे कुठे होतास?’ हा प्रश्न येतोच. त्याचे खोटे नसलेले, पण सगळे उघडही न करणारे दोन वाक्यांचे उत्तर त्याच्याकडून घरीच, मोठ्याने, अडखळणे थांबेपर्यंत म्हणून घ्यावे.

ज्याचे नुकसान झाले, त्याची माफी मागायला मुलाला भाग पाडू नये. दोघांचीही तयारी असेल तरच प्रशिक्षित मध्यस्थासमोर भेट घडवावी.

मध्येच तो तीन दिवस शाळा बुडवील, जुन्या मित्रांत दिसेल. त्या संध्याकाळी जाब विचारण्याआधी शाळेत काय घडले ते शांतपणे ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत त्याच्यासोबत चालत जावे.