त्रेसवर मेजर अर्पेजिओ: तीन आकार, सोळा मात्रा

क्यूबाच्या पूर्व भागात जन्मलेल्या 'सोन' संगीताचा कणा म्हणजे त्रेस, गिटारसारखं एक तंतुवाद्य. स्पॅनिशमध्ये त्रेस म्हणजे तीन, पण तारा असतात सहा: दोन-दोनच्या तीन जोड्या. आपल्याकडे हे वाद्य सहजी मिळत नाही. युकुलेली असेल तर तिची शेवटची ए तार सोडून द्या, उरलेल्या तिन्ही तारांचे सूर त्रेसचेच: जी, सी, ई. पुढचं सगळं तिच्यावरही वाजेल.

पांढरी एकचा सा धरा. मग तिसरी जोडी प, मधली सा, पहिली ग. म्हणजे काहीही न दाबता सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) तयार! पिकने एकेक जोडी खालच्या दिशेने छेडा: प, सा, ग, सा. कॉर्डचे सूर असे एकेक करून वाजवणं म्हणजे अर्पेजिओ. तिसऱ्या जोडीतली एक तार त्याच जोडीतल्या दुसऱ्या तारेच्या वरच्या सप्तकात असते, मधल्या जोडीतल्या दोन्ही एकाच सुरात. छेडताना जोडीतल्या दोन्ही तारा बोलल्या पाहिजेत. दाबताना बोट अगदी टोकावर उभं केलंत तर एक तार निसटते आणि 'टक्' असा मुका आवाज येतो. बोट किंचित आडवं करा, फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या) पट्टीला चिकटून दाबा.

आता आकार. फ्रेटचे आकडे तिसऱ्या जोडीपासून पहिलीकडे वाचा; ० म्हणजे जोडी सुटी.

०-०-० : प सा ग
५-४-३ : सा ग प (अनामिका, मधलं, तर्जनी)
९-७-८ : ग प सा (अनामिका, तर्जनी, मधलं)

बाराव्या फ्रेटवर पुन्हा पहिला आकार, वरच्या सप्तकात. तिन्ही जागा सी मेजरच्याच.

तिसरा आकार माझा लाडका. तो खाली सरकवून २-०-१ केला की एफ मेजर (ध सा म), आणखी दोन फ्रेट वर ४-२-३ केला की जी मेजर (नी रे प). सी, एफ, जी तिन्ही पहिल्या चार फ्रेटमध्ये, हात जागचा हलायला नको.

इथवर बोटांचं झालं. मी मात्र इथेच बरेच दिवस अडकलो: वर-खाली, वर-खाली, अगदी दारावरच्या बेलसारखं! त्रेसवाले असं वाजवत नाहीत. ते कॉर्डचे सूर फोडून ठोक्यांच्या मधल्या जागांत पेरतात, त्याला ग्वाहेओ म्हणतात. लहानपणीच दृष्टी गेलेल्या त्रेसवादक आर्सेनिओ रोद्रिगेसचं १९४०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण ऐका, लगेच कळेल.

आधी वाद्य बाजूला ठेवा. तीनतालासारखं १ ते १६ मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. ही सोनची क्लावे, म्हणजे ठोक्यांचा ठरलेला साचा. टाळी बिनचूक पडू लागली की १, ५, ९, १३ वर पाय ठेवा आणि सुट्या तारांवर १ ला प, मग ४, ६, ८ वर सा, ग, सा. पुढे १०, १२, १४, १६ वर प, सा, ग, सा. पाय आणि पिक एकत्र पडायला लागले तर चुकतंय. अपवाद फक्त समेचा.

हे जमलं की एकेका आवर्तनाला कॉर्ड बदला: सी, एफ, जी, एफ. मग चार-चार मात्रांनी बदला, म्हणजे चारही कॉर्ड एकाच आवर्तनात बसतील. आठव्या मात्रेनंतर एफवरून जीवर जाताना बोटं उचलू नका, तारांवरूनच दोन फ्रेट घसरवा.