घर विकायला काढलंय? दाखवताना या चुका टाळा

घर बघायला आलेला माणूस संशयानेच बघतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. भिंतीतला पाइप त्याला दिसत नाही, स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग दिसत नाही. मग जे दिसतं त्यावरून तो न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. नळ ठिबकतोय, म्हणजे प्लंबिंगकडे कुणी वर्षानुवर्षं बघितलेलं नाही, असा त्याचा सरळ हिशेब. विक्रीच्या तयारीत पैसे वाया जातात ते बहुतेक याच कारणाने: जिथे पाना फिरवायचा तिथे लोक ब्रश फिरवतात.

ओलीवर रंग मारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. छताच्या कोपऱ्यात तपकिरी कडेचा डाग असतो आणि घर दाखवायच्या दोन दिवस आधी त्यावर इमल्शनचा हात मारला जातो. डागातली घाण पाण्यात विरघळणारी, इमल्शनही पाण्यातलंच. त्यामुळे रंग वाळता वाळता डाग त्यात उतरतो आणि थोड्याच दिवसांत तीच पिवळी कड पुन्हा वर येते. भिंत आतून ओली असेल तर रंगाला फुगे धरतात; लोणा (भिंतीवर फुटणारी क्षारांची पांढरी पूड) लागलेला असेल तर क्षार बाहेर पडताना रंगाचे पोपडेच काढतात. समजा, रंग टिकला. तरी जुन्या छतावर हातभर पांढराशुभ्र तुकडा म्हणजे ‘इथे बघा’ अशी पाटीच.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: वरच्या मजल्यावरचं बाथरूम, गच्चीचा उतार, पावसाच्या पाण्याच्या पाइपचा जोड, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट. गळती थांबल्यावर भिंत वाळायला काही आठवडे लागतात, तेवढे द्या. वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. साधारण ३० सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावा आणि २४ तास थांबा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतूनच येते आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती हवेतली ओल. तिथे खिडकी उघडी ठेवणं आणि पंखा हाच उपाय. भिंत कोरडी निघाली की पोपडे खरवडा आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुऊ नका, धुतलेले क्षार विरघळून परत आत जिरतात. मग डाग अडवणारा, पाण्यातला नव्हे तर सॉल्व्हंटमधला प्रायमर (रंगाआधीचा थर) लावा, आणि रंग पूर्ण छताला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

एवढा वेळ नसेल तर डाग तसाच राहू द्या. गळती कधी बंद केली ते सांगा आणि दुरुस्तीचं बिल दाखवा. बिलासह दाखवलेला जुना डाग परवडतो. रंगाखाली सापडलेला डाग सौदा मोडतो, आणि माहीत असलेला दोष लपवल्याची कायदेशीर तक्रार नंतर येऊ शकते ती वेगळीच.

वासावर वास

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, नाक त्याला सरावलेलं असतं. काही तास बाहेर राहून परत या आणि दार उघडल्यावरचे पहिले दोन श्वास लक्षात ठेवा. त्याहून बरं म्हणजे स्पष्ट बोलणाऱ्या एखाद्या मित्राला बोलवा. रूम फ्रेशनरचा फवारा मारला की येणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, यांना काय झाकायचंय?

बंद घरात गटाराचा वास येत असेल तर घाबरून पाइप फोडू नका. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागात, कायम थोडं पाणी उभं असतं आणि तेच गटारातली हवा अडवतं. बाथरूम काही आठवडे वापरलं नाही की ते वाळतं आणि वास सरळ वर येतो. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि सिंकमध्ये लिटर-दोन लिटर पाणी ओता. घर पुढेही बंद राहणार असेल तर जाळीत वरून चमचाभर खाद्यतेल सोडा, पाणी हळू उडतं. पाणी ओतूनही वास राहिला तर बेसिनखाली वाका. सांडपाण्याचा नळीपाइप जमिनीतल्या भोकात नुसताच खुपसलेला असतो, रबरी रिंग नसते. ती बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. रिकाम्या घरातला बंद फ्रिज दार किलकिलं ठेवून उभा करा. आणि रंगकाम किमान आठवडाभर आधी उरका.

घासताना होणारं नुकसान

नळांवरचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात, पण तेच व्हिनेगर संगमरवरावर सांडलं तर चकाकी खातं आणि ते घासून परत येत नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही वापरू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. टबच्या किंवा ओट्याच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर त्यावरच नवा थर देऊ नका, जुन्यावर नवं धरत नाही. ब्लेडने सगळं काढा, जागा पुसून पूर्ण वाळवा, नवं भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका.

फ्लशची टाकी आतून गळते का, ते बघायला टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि फ्लश न करता २० मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर बदला. दार खाली घासत असेल तर रंधा मारण्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा, बहुतेक वेळा तेच सैल असतात. भोक मोठं झालं असेल तर गोंद लावलेल्या लाकडी काड्या ठोकून भरा, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळा.

स्वयंपाकघर नवं करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. घेणारा ते बहुधा स्वतःच्या आवडीने फोडणारच असतो.

फोटो आणि प्रकाश

एकाच खोलीत एक दिवा पिवळा, दुसरा निळसर पांढरा असला की भिंती कळकट दिसतात. खोलीतले सगळे बल्ब एकाच छटेचे ठेवा. २७०० ते ३००० केल्विनचे (पिवळसर) राहत्या खोल्यांना बरे, ४००० चे (पांढरे) स्वयंपाकघराला. फोटो मोबाइल आडवा धरून, छातीच्या उंचीवरून, कोपऱ्यात उभं राहून काढा. अतिरुंद लेन्सने खोली दुप्पट दिसते खरी, पण प्रत्यक्ष आलेला माणूस दारातच हिरमुसतो. फोटोत आरशातले तुम्ही, भिंतीवरची प्रमाणपत्रं किंवा किल्ल्यांचा हूक येत नाही ना, तेही बघा.

कपाटं उघडली जाणार हे धरूनच चाला. खच्चून भरलेलं कपाट ‘इथे जागा पुरत नाही’ असं सांगतं, म्हणून एक तृतीयांश रिकामं करा. ते सामान बाल्कनीत ढकललंत तर केलेलं सगळं पाण्यात.

दाखवताना

मालकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे बडबड. ‘हे बेडरूम, हे किचन’ हे समोरच्याला दिसतं. पुढे पुढे करू नका. नवरा-बायको आले असतील तर त्यांना आपसात बोलायला पाच मिनिटं एकटं सोडा. घर का विकताय, याचं उत्तर एका वाक्यात आणि दर वेळी सारखंच असू द्या, कारण घरातल्या दोघांनी दोन कारणं दिली की शंका पक्की होते. पंखे, पडदे, गीझर यातलं काय ठेवणार आणि काय नेणार, ते आधीच लिहून ठेवा. दागिने, औषधं, जादा किल्ल्या आणि बँकेची पाकिटं कुलपात.

उन्हाची वेळ चांगली असते म्हणून सगळ्यांना एकाच तासात बोलावू नका, दोन भेटींत पाऊण तास तरी ठेवा. मंडळी गेल्यावर खिडक्या-नळ तपासा आणि त्यांनी काय विचारलं ते तारखेसह टिपा. तिघांनी त्याच भिंतीबद्दल विचारलं असेल तर किंमत खाली आणण्याआधी ती भिंत बघून घ्या.