अभ्यासाचा ताण आणि रात्रीची खा-खा: या चुका टाळा

रात्री अकराला अभ्यासिका सोडायची, खालच्या टपरीवर चहा आणि क्रीमरोल, पुढे भुर्जीची गाडी, खोलीवर पोचल्यावर गावाहून आलेला चिवड्याचा डबा. सदाशिव पेठ, नवी पेठेत राहून एमपीएससी करणाऱ्या कुणालाही हा क्रम नवा नाही. पोट भरलेलं असतं, तरी हात डब्यात जात राहतो, कारण डोक्यात एकच असतं: या वेळी तरी पोस्ट निघेल का?

याला जिभेचे चोचले म्हणून मोडीत काढू नका. अचानक धक्का बसला तर भूक मरते. पण ताण महिनोन्महिने मुरला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं राहू शकतं आणि मन गोड-तळलेल्याकडे धावतं. या परीक्षेत तर अनिश्चितता ठरलेलीच. २०२१ च्या मार्चमध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली होती.

सगळ्यात महागात पडणारी चूक: दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं

रात्री जास्त खाल्लं म्हणून सकाळचे पोहे बंद. दुपारी मेसमध्ये एकच पोळी, भाताला हात नाही. चारपर्यंत स्वतःचं कौतुकही वाटतं. सहाला लक्ष्मीकांतच्या राज्यव्यवस्थेच्या पुस्तकाचं तेच पान तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात काही शिरत नाही आणि रात्री पुन्हा गाडीवर, कालच्यापेक्षा दुप्पट. यात मनोनिग्रह कमी पडला असं काही नसतं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करतं.

म्हणून रात्रीचा बंदोबस्त दिवसा करा. नाश्ता चुकवू नका. जमलं तर सोबत उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे. मेसमध्ये उसळ, आमटी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका. साडेपाच-सहाच्या सुमारास केळं आणि फुटाणे बॅगेत हवेतच. रविवारी तर विशेष सांभाळा. दुपारी फीस्ट, संध्याकाळी बहुतेक मेस बंद, आणि आठवडाभर साचलेलं सगळं त्याच रिकाम्या संध्याकाळी वर येतं. रात्री कुठे जेवायचं आणि कुणाबरोबर, ते दुपारीच ठरवून टाका. एकट्याने तर नकोच.

‘आजपासून गोड बंद’

अशी शपथ मोडली की ‘आता मोडलीच आहे तर’ म्हणून आख्खा पुडा संपतो. चिवडा खायचा तर वाटीत काढून, डबा परत कपाटात ठेवून खा. डबा मांडीवर आणि मोबाईल हातात असेल, तर किती खाल्लं ते तळ दिसल्यावरच कळतं.

खरी भूक कोणती, हे ओळखण्यातही गोंधळ होतो. ती हळूहळू वाढते आणि भाजी-भाकरीनेही भागते. ताणाची भूक एकदम येते आणि तिला अमुकच हवं असतं. मात्र या फूटपट्टीने खरी भूकही मारणारे आहेत. शेवटचं जेवण पाच तासांपूर्वीचं असेल तर विचार करत बसू नका, सरळ जेवा.

‘खावंसं वाटलं की पाणी प्या’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. टेस्टमध्ये मार्क कमी पडल्याची धग पाण्याने विझत नाही. ती पेटते कधी, ते बघा. बऱ्याच जणांचं उत्तर असतं, रात्री टेलिग्रामवर चाललेली कट-ऑफची चर्चा. उत्तरतालिका सकाळी ताडून बघा; रात्री बघून एकही मार्क वाढत नाही.

झोपेत काटछाट केली तर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढू शकतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटू शकतं. अकराच्या चहातलं कॅफिन पाच तासांनीही साधारण निम्मं अंगात असतं, तेव्हा तो चहा संध्याकाळवर आणा.

घरून फोनवर ‘किती सुटलास रे’ ऐकावं लागलं, तर विषय बदला.

हे एकट्याने निस्तरू नका

थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातंय, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललंय, तर तो उपचार करण्याजोगा आजार असू शकतो. खाल्लेलं ओकून काढत असाल किंवा मधुमेह असेल, तर तीन महिनेही थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. खर्चाची अडचण असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.